तळ्यावर आधी ओरडायचं

१० जानेवारी

अडकलो.

आणि कशाला, तर एका काडीला! आगकाडीपेक्षा जरा मोठी. डाव्या घोट्यातून नारूचा किडा बाहेर आलाय, पांढरा, शेवईसारखा. तो त्या काडीला गुंडाळलाय. बोटभर बाहेर, बाकीचा आत. आत किती ते कुणालाच माहीत नाही. आदिसा म्हणते, "हातभर तरी असेल." रोज थोडा थोडा गुंडाळायचा. घाईने ओढला आणि तुटला तर पाय सडतो.

"मग किती दिवस?"

"महिना. फार शहाण्यासारखा वागलास तर पंचवीस दिवस."

पंचवीस दिवस! मी कुठल्याच गावात चार दिवसांवर टिकलेलो नाही. कुमासीत अकरा राहिलो, पण तेव्हा ताप होता, ते धरायचं नाही.

आदिसा ही या साम्पेयिली गावची नारूवाली. पगार नाही, काही नाही. शहरातून साहेब येतो, तो पट्ट्या, गाळणीचं कापड आणि एक वही देऊन जातो. बाकी सगळं हिच्या अंगावर. फोड आलेल्या माणसाला पकडायचं आणि तिच्या अंगणातल्या कडुनिंबाखाली बाजेवर बसवायचं. वयाने माझ्याएवढीच असेल, पण बोलते थोरल्या बहिणीसारखी.

"फोड कुठे फुटला?" काल तिने विचारलं.

"लॉरीवर."

"पाण्यात पाय घातलास?"

"नाही."

"झिब्लिम, खरं सांग."

"आईची शपथ."

तिने वहीत लिहिलं — आटोक्यात. आणि अशी हसली की मला खाली बघावं लागलं. अकरा महिन्यांत गावातला पहिला नारू, आणि तोही आटोक्यात.

खोटं बोललो. पाय घातला होता.

काल पहाटे लॉरी बाजाराला आली. मी वर, कांद्याच्या पोत्यांवर. घोटा असा पेटला होता की कुणी निखारा बांधलाय. उतरलो तर समोर तळं. विचार केला नाही. पँट वर सरकवली आणि गुडघ्यापर्यंत आत. आहाहा! जन्मात तेवढं सुख कधी मिळालं नाही. फोड फुटला, दुधासारखं काहीतरी पाण्यात गेलं. मी डोळे मिटून उभा.

पलीकडच्या काठावर स्टुलावर एक म्हातारी होती. निळं जाकीट घातलेली. मी आत शिरताना ती उठून मडक्यांकडे गेली. मी बाहेर आलो तेव्हा भोपळ्याच्या तुंब्यात पाणी घेऊन माझ्यापुढे उभी. मी प्यायलो. मग घरची माणसं कशी, वाटेवर थंडी कशी, झोप लागली का, सगळं रीतीप्रमाणे विचारून झालं आणि शेवटी, "काय काम काढलंस, बाळा?" मी पाय दाखवला. तिने मनगट धरून थेट आदिसाकडे आणलं.

ती सनातू आजी. तळ्याची राखण तिच्याकडे आहे. डोळ्यांत मोतीबिंदू. तिला दिसलं नसणार.

११ जानेवारी

आदिसाने आज चित्रांचा कागद दाखवला. असे कागद शंभर ठिकाणी चिकटवलेले पाहिलेत, कधी वाचला नाही. एका चित्रातल्या माणसाचं नाक फार मोठं काढलंय, माझं लक्ष सगळं तिथेच.

तर — नारू पाण्यात गेला की पिल्लं सोडतो. हजारो. ती पाण्यातल्या बारीक पिसवांच्या पोटात जातात आणि तिथे पिकतात. दहा-बारा दिवस. त्यानंतर ते पाणी न गाळता जो पिईल त्याला वर्षाने नारू.

"आणि आधी औषध टाकलं तर?"

"तर पिसवाच मरतात. पण आपल्याला काय करायचंय? तू कुठे पाण्यात गेलास!"

दहा-बारा दिवस. नऊ तारखेपासून मोजायचे.

१२ जानेवारी

बोटभर निघाला. चेंतीने मोजलं — आदिसाची मुलगी, चार वर्षांची. तिच्या बोटाने मोजलं, म्हणजे कमीच.

१३ जानेवारी

गेल्या जानेवारीत मी कुठे होतो? कुठलं पाणी प्यायलो होतो? दिवसभर आठवतोय. सलागाला यामचे कंद उतरवत होतो. मग एका ढोलवाल्याबरोबर लग्नाला गेलो, तिथे बकरा पळाला आणि सगळं वऱ्हाड त्याच्यामागे! नवरदेवसुद्धा! मग कुणाच्या तरी सायकलवर कारागाकडे. प्रत्येक घरात पाणी प्यायलोय. आमच्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी. पाणी पोटात जाईपर्यंत कोण, कुठला, कशाला आलास, एक शब्द विचारायचा नाही. रागवायचं तर नाहीच. खून करून पळून आलेला असला तरी आधी पाणी. आणि यजमानाचं पाणी गाळून पिणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. आदिसा सांगते की आता सगळे गाळूनच देतात. आता देतात. मला ज्याने दिलं त्याने नसेल दिलं. त्याच्यावर राग येत नाही. तो चांगलाच माणूस असणार.

पाठ खाजते. बाजेच्या दोऱ्या एकशे बारा.

१४ जानेवारी

शहरातून साहेब आला. नेइंदो साहेब, मोटरसायकलवर, भुवयांपर्यंत धूळ. हरमाटान वारा सुटलाय, सगळ्यांचेच ओठ फाटलेत. साहेबाने माझी पट्टी सोडून पाहिली, वही पाहिली, आदिसाचा हात दोन्ही हातांत धरला.

"असं काम पाहिजे! मी चार गावांत तुझं नाव सांगणार."

आदिसा जमिनीकडे बघून पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. लाजली होती. मला वाटलं, आता जमीन फाटावी आणि बाजेसकट आत जावं.

साहेब माझ्याकडे वळला. "पाण्यात नाही ना गेलास?"

"नाही."

"ठीक. मग तळ्याचं औषध मी पुढच्या गावाला देतो. आधीच थोडं आहे."

दोन वेळा झालं खोटं. आता तिसऱ्यांदा खरं बोलायचं तर आधीची दोन्ही उचलून बाजूला ठेवायला हवीत. कुठे ठेवू?

तळ्याशिवाय गावाला पाणी नाही. दोन वर्षांपूर्वी यंत्राने तीन ठिकाणी भोकं पाडली होती. तिन्ही कोरडी. एकाच्या तोंडाशी आता गिनी कोंबड्या अंडी घालतात.

सांगितलं तर आदिसाची वही खोटी ठरते. सनातू आजीचं जाकीट जातं, कारण तिच्या राखणीत झालं. आणि माझं जे व्हायचं ते. मुखियाचा कायदा आहे, नारू घेऊन तळ्यात उतरणाऱ्याला चावडीसमोर उभं करायचं, सगळ्या गावापुढे. नाही सांगितलं तर…

पाच दिवस झाले.

१५ जानेवारी

बाजाराचा दिवस, लॉरी आली. कपाळावर तेच — 'शत्रूही जेवतात'. ते अक्षर माझं, मी रंगवलंय! ड्रायव्हर इद्रिसूदादा उतरला तर वाटलं बाप आला. काठी घेऊन लंगडत गेलो.

"दादा, मला घेऊन चल. मागे पडून राहीन."

तो पायाकडे बघत दोन पावलं मागे सरला. "अरे, नारूवाला माणूस माझ्या लॉरीत? कांदा कोण घेईल माझा?"

"कुणाला कळणार?"

"पायाला काडी बांधून नाचतोयस आणि कुणाला कळणार म्हणतोस! बरा हो आधी." मग जरा हळू, "तसं तुझ्या जागी एकाला घेतलंय. चांगला आहे. तुझ्यासारखा उतारावर गात नाही."

लॉरी गेली. धूळ बसेपर्यंत तिथेच उभा होतो. आदिसा आली, ओरडेल असं वाटलं. तिने फक्त काडी तपासली, नारू तुटला नाही ना म्हणून.

१६ जानेवारी

सनातू आजीचं काहीतरी बिघडलंय. बायका बाजेपाशी घागरी टेकवून बोलतात, मला सगळं ऐकू येतं. म्हातारी आठवडाभर तळ्यावरून हललेली नाही. जेवायलासुद्धा नाही. प्रत्येकीची घागर स्वतः गाळते. गाळलेलं पुन्हा गाळते!

"माझ्या सुनेने दोनदा गाळलं," एक म्हणाली, "तरी म्हातारीने ओतून घेतलं. मी म्हटलं, आजी, आता पाण्याचं पीठ पाडतेस का?"

"मरायला टेकली की माणसं अशीच करतात."

"ती? ती आपल्या सगळ्यांना पुरून उरेल!"

संध्याकाळी ती माझ्यासाठी टी-झेड, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला गोळा, आणि सुक्या भेंडीचं कालवण पाठवते. रोज. आधी स्वतः आणायची. हल्ली चेंतीच्या हाती.

१७ जानेवारी

आज आदिसाने बादलीत पाय बुडवायला दिला, नारू जरा सैल होतो म्हणून. ते पाणी ती दूर रानात नेऊन खड्ड्यात ओतते. एक बादली! आणि मी तिकडे अख्खं तळं —

दुपारी काठी टेकत तळ्याच्या बाजूला गेलो. लांबच थांबलो, काठावर जायची मला बंदी आहे. चेंती वाकून ओंजळीने पाणी पीत होती. सनातू आजी स्टुलावरून उठली आणि फाडकन तिच्या हातावर मारलं. ओंजळ सांडली. पोरगी रडली नाही, बघतच राहिली. गावात म्हणतात, या म्हातारीने आयुष्यात कुणाच्या कोंबडीलासुद्धा हाड म्हटलेलं नाही.

मग आजीने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. पन्नास पावलांवरून. सरळ.

मोतीबिंदू कसला.

१८ जानेवारी

सगळं लिहायला हवं, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी आजीला निरोप धाडला. ती आली, बाजेशेजारी खाली बसली. मी रात्रभर जुळवून ठेवलं होतं, ते सगळं पळालं.

"आजी, त्या दिवशी मी तळ्यात —"

"गुडघ्यापर्यंत," ती म्हणाली. "डावा पाय. उजवाही होता, पण तो तुझा बरा दिसला."

"तू पाहिलंस?"

"जाकीट कशाला दिलंय मला? थंडीसाठी?"

"मग ओरडली का नाहीस?"

तिने माझ्याकडे असं बघितलं जणू मीच वेडा आहे. "ओरडू कशी? तू परका माणूस. वाटेवरून आलेला. तुला अजून पाणी दिलं नव्हतं."

ती बाजेला टेकून बसली.

"मी म्हटलं, आधी पाणी देते, मग विचारते. पळत गेले मडक्याकडे. गाळलेलं द्यायचं होतं. कापड सापडेना. तुंबा भरून आले तर तू बाहेर येत होतास." जाकिटाची कड बोटांत चुरत होती. "माझ्या आईने मला शिकवलं ते मी केलं. ते करेपर्यंत झालं."

"आणि आदिसासमोर? मी शपथ घेतली तेव्हा तू तिथेच होतीस."

"माझ्या हातचं पाणी पोटात असलेल्या माणसाला खोटा म्हणू?" मग जाकिटावरची धूळ झटकत, "आणि मला ते जाकीट आवडतं रे. नवरा गेल्यापासून मला कुणी काही राखायला दिलं नव्हतं."

ती वाट बघत होती मी बोलेन म्हणून. मी धरून बसलो होतो की तिला दिसलं नसेल. आणि तोवर ती एकटी म्हातारी अख्खं तळं कापडातून गाळत बसली होती!

"आज कितवा दिवस?" मी विचारलं.

"नववा. मी गाठी मारल्यात." कमरेच्या फडक्याला खरंच गाठी.

आदिसा शेंगदाणे भाजत होती. आम्ही दोघं तिच्यापुढे, मी काठीवर, आजी माझा दंड धरून. मी सांगितलं. एका दमात. तिने कढई उतरवली. शेंगदाण्यांचा करपट वास आला तरी ढवळत राहिली, उतरवलेली कढई. मग वही आणली, 'आटोक्यात' वर काट मारली. कागद फाटला.

"आईची शपथ," ती म्हणाली. एवढंच.

शेजाऱ्याची सायकल घेतली आणि गेली. शहर सायकलने अर्ध्या दिवसावर.

१९ जानेवारी

आली! दुपारी, साहेबाच्या मोटरसायकलवर मागे बसून. साहेब माझ्याकडे न बघता तळ्याकडे गेला. औषध दुसऱ्या गावाकडून परत मागून आणलं होतं. अर्धंच उरलं होतं. तळ्याची लांबी-रुंदी दोरीने मोजली, खोली बांबूने. साहेब जमिनीवर काटकीने गणित मांडत होता. पुरतं का? आदिसाने दोनदा मांडायला लावलं. हरमाटानने तळं आटवलं होतं म्हणून पुरलं. एरवी ज्या वाऱ्याला सगळे शिव्या घालतात त्याला आज साहेबाने सलाम ठोकला.

दहाव्या दिवशी टाकलं. वेळेत की उशिरा ते कुणी सांगेना. "पुढच्या जानेवारीत कळेल," साहेब म्हणाला.

दोन दिवस तळं बंद. सगळं पाणी आता पलीकडच्या गावातून.

२० जानेवारी

बायका पहाटे निघतात, दुपारी परततात. वाट माझ्या बाजेवरूनच.

"काय पाव्हणं, पाय कसा आहे? आमचे दुखतायत, म्हणून विचारलं!"

"अगं, त्याला बोलू नकोस, राजा आहे तो. आख्ख्या तळ्यात एकटा अंघोळ करतो!"

"लग्न झालंय का रे तुझं? नाही? असंच मर!"

त्यातल्या एकीने जाता जाता बाजेवर भाजलेला याम टाकला. शिव्या न थांबवता.

आदिसा काडी गुंडाळते, पट्टी बांधते, बोलत नाही. हात मात्र तेवढाच हलका.

२२ जानेवारी

चावडी. सगळा गाव. मला उभं केलं, मग पाय बघून बसवलं. सनातू आजी माझ्या शेजारी, घडी घातलेलं जाकीट मांडीवर.

मुखिया म्हातारा आहे, फार हळू बोलतो, मध्ये कोलाची बी चघळतो. मला त्याच्या मागची कातडी दिसत होती, सिंहाची म्हणतात, पण कान बकऱ्याचे वाटले… जाऊ दे.

कुणी म्हणालं, दंड करा. कुणी म्हणालं, पाणी देण्याआधी तो पाव्हणाच नव्हता, मग पाव्हण्याचा मान कसला? दुसरा म्हणाला, पाव्हणा नव्हता तर सनातूने ओरडायला हवं होतं! तिसरा म्हणाला, पाव्हणा आहे की नाही हे पाणी दिल्याशिवाय विचारणार कसं? त्यावर सगळे अडकले. बराच वेळ. साम्पेयिलीत मी एकटाच अडकलेला नाही हे बघून जरा बरं वाटलं.

शेवटी मुखिया बोलला. "सनातूने आपल्या आईचा नियम पाळला. तो नियम दारासाठी केलेला आहे. तळ्याला दार नाही." कोला चघळला. "आजपासून तळ्यावर आधी ओरडायचं. मग पाणी द्यायचं. ओरडलेला माणूस रुसला, तर त्याला माझ्याकडे आणा, मी दोनदा पाणी देईन."

दवंडीवाल्याने तिथेच ढोल बडवला.

जाकीट आजीकडेच राहिलं. आणि माझी शिक्षा — पाय सुटेपर्यंत रोज तळ्याच्या वाटेवर बाज टाकून बसायचं आणि ओरडायचं. "याला घसा आहे," आदिसा उठून म्हणाली. माझ्याबद्दल चार दिवसांतलं तिचं पहिलं वाक्य. "लॉरीच्या उतारावर गातो म्हणे."

२६ जानेवारी

ओरडतो. "पाय दाखव!" "गाळून प्यायची नळी कुठाय गळ्यातली?" "ए काका, थांब, आधी पाय!" एक गुराखी इतका दचकला की चिखलातच बसला. मग आजी तुंबा घेऊन धावते, आलास का बाळा, घरची कशी आहेत… मी शिवी, ती पाणी. जोडी जमलीय.

तरी बाज ती बाज. संध्याकाळी लॉरीचा आवाज येतो, खरा नसतो.

३ फेब्रुवारी

सुटला! आदिसाने शेवटचा वेढा घेतला आणि एकदम सैल. पंचवीस दिवस! चेंतीने स्वतःच्या हाताशी लावून बघितला, तिच्या खांद्यापर्यंत आला. काडीसकट खड्ड्यात जाळला. मला जरा चुकल्यासारखं वाटलं. एवढे दिवस बरोबर राहिला.

८ फेब्रुवारी

बाजाराची लॉरी. इद्रिसूदादाची नव्हे, दुसरी, कापसाची. गळ्यात आदिसाने नवी नळी घातली. "हिच्यातून पी. यजमान रुसला तर रुसू दे." वहीवर माझा अंगठा घेतला, सही येते म्हटलं तरी अंगठाच. शपथ घ्यायला लावली नाही.

आजी स्टुलावरून उठली नाही. लांबून ओरडली, "पाय दाखव!" मी दाखवला. सगळ्या लॉरीला.

वारा तोंडावर! चाळीस मैल मी गात होतो.

११ फेब्रुवारी

हे कुठलं गाव, नाव अजून विचारलेलं नाही. लॉरी पुढे गेली. मीच उतरलो. उजवा घोटा सकाळपासून जळतोय. फोड, लिंबाएवढा. समोर तळं आहे, पाणी निळं, काठावर एकटा म्हातारा. मला इथे कुणी ओळखत नाही.

तो उठलाय. तुंबा भरून माझ्याकडे येतोय, हसतोय. पाणी दिल्याशिवाय काही विचारणार नाही.

मीच ओरडलो.